तिसरी तार

हुम्मदने तिसऱ्या तारेची खुंटी पाव फेरा सैल केली, तार छेडली आणि मान हलवली. मग आणखी थोडी सैल केली. तार आता नुसतीच घरघरली. त्याने ती पुन्हा ताणली, छेडली, डोळे मिटून ऐकली, आणि ती नेहमीच्याच जागी जाऊन बसली आहे हे कळल्यावर आपलं पाच तारांचं वाद्य, बासनकोब, मांडीवरून उचलून खाटेवर आडवं ठेवलं.

"सकाळपासून त्या एका तारेचे कान पिळतोयस," अबू आमना म्हणाला. "गुन्हा काय केलाय ते तरी सांग तिला. कबूल करून मोकळी होईल बिचारी."

हुम्मद हसला नाही. बंदराच्या मागच्या या गोदामात पूर्वी मासेमारीची जाळी ठेवत, आणि भिंतींनी तो वास अजून सोडला नव्हता. गेली नऊ वर्षं इथे बँडची तालीम चाले. हुम्मदचं बासनकोब, अबू आमनाचा कीबोर्ड, एक बेस गिटार, ढोल, आणि लढाईपासून जीव वाचवून खार्तूमहून आलेला एक सॅक्सोफोनवाला. आजोबांच्या काळी बासनकोबला आतड्याच्या पाच तारा असत. हुम्मदच्या बासनकोबला पोलादी तारा होत्या, वरच्या आडव्या काठीवर गिटारच्या खुंट्या होत्या, आणि कातड्याने मढवलेल्या पोटातून एक वायर निघून अँप्लिफायरला जात होती. आज शहरात वीज नव्हती. वायर नुसतीच लोंबत होती.

"त्या म्हातारीचं बोलणं अजून डोक्यात आहे तुझ्या," अबू आमना म्हणाला.

होतंच ते. पाच दिवसांपूर्वी शहरातल्या देम अरब वस्तीत एका लग्नात त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटी 'उतरणीची धून' वाजवली होती. हुम्मदच्या आईच्या वडिलांनी, ओनूर आजोबांनी, ती बांधली होती. आम्हा डोंगरातल्या लोकांकडे बासनकोबच्या धुनांना शब्द नसतात, पण कुठल्या डोंगराची, कुठल्या उंटाची, कोणाच्या बायकोची, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. ही धून डोंगरावरून कोरड्या नदीत उतरणाऱ्या उंटाची. मांडवात पोरं तलवारी घेऊन उड्या मारत होती, धूळ उडत होती, फोन वर धरले गेले होते. धून संपल्यावर नवरीकडची एक म्हातारी गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी आली होती.

"बाळा, ओनूरची धून वाजव की. तुझ्या आजोबांची."

"आजी, तीच तर वाजवली आत्ता."

"ही नव्हे रे. त्या धुनेत उंट उतरायच्या आधी जरा थबकायचा. पाय टाकू की नको, असं. तुमचा उंट थबकतच नाही. डांबरी रस्त्यावरून निघाल्यासारखा भराभर जातो."

स्टेजवर सगळे हसले. हुम्मदही हसला. घरी जाऊन हातपाय धुताना म्हातारी काय म्हणाली ते त्याला कळलं, आणि तांब्या हातातच राहिला.

ते थबकणं तिसऱ्या तारेत होतं. मामांनी त्याला शिकवताना तिची जागा बोटाने नाही, कानाने दाखवली होती. "आणखी खाली. आणखी. इतकी नाही. हां, इथे ती जरा कुरकुरते बघ, इथेच ठेव." वीस वर्षं तो ती तार तिथेच ठेवत आला. मग अबू आमनाने जेद्दाहून कीबोर्ड आणला. बाकी चार तारा कीबोर्डशी जुळल्या, तिसरी जुळेना. तिची जागा कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होती. एकटी वाजली की गोड, सगळ्यांबरोबर वाजली की दात आंबल्यासारखं व्हायचं. शेवटी हुम्मदने ती केसाएवढी वर ओढली. झालं. सगळं जमून आलं. त्या दिवशी त्यांनी याच गोदामात नाचून घेतलं होतं.

त्यानंतर ती धून कुठे कुठे गेली याचा हिशेब नाही. ज्या रेडिओने वर्षानुवर्षं आमच्या भाषेला दारात उभं केलं नव्हतं, त्यावर ती वाजली. दक्षिणेच्या कसला शहरापासून उत्तरेच्या हलाइबपर्यंत हातात बासनकोब धरणारा प्रत्येक जण फोनवर त्यांचं गाणं लावून आपल्या तारा त्याच्याशी जुळवू लागला. हुम्मदची मान ताठ झाली होती, आणि का होऊ नये? आपली चीज मरता मरता वाचवली, असं लोक त्याला रस्त्यात थांबवून सांगत.

आता पाच दिवस तो ती जुनी जागा शोधत होता. शहरात बासनकोब वाजवणारे जे कोणी उरले होते त्या सगळ्यांकडे जाऊन आला. सगळ्यांची तिसरी तार एकाच जागी होती, त्याच्या जागी. एकाने तर छाती फुगवून सांगितलं, "तुमच्याच गाण्यावरून लावलीय, उस्ताद." आईच्या पेटीत मामांच्या दोन कॅसेट होत्या. समुद्राच्या हवेने त्यांच्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटले होते. सोडवायला गेला तर तपकिरी टरफलं हातात आली. आणि सगळ्यात वाईट होता तो त्याचा स्वतःचा कान. तार खाली आणावी, तर कान तिला हळूच पुन्हा वर घेऊन जाई. नऊ वर्षं ज्या कानाने ती जागा चुकवली, तो आता ती दाखवायला तयार नव्हता.

"मामांकडे जायला हवं," हुम्मद म्हणाला.

"अदरोबमामांकडे? वर डोंगरात, सिंकातच्या पलीकडे? एका तारेच्या पाव फेऱ्यासाठी?"

"त्यांच्यानंतर ती कोणाकडेच नाहीये, अबू आमना. मामा गेले की ती गेली. मीच घालवली असं होईल."

अबू आमनाने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी चिमटा काढणारं बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कीबोर्डवर चादर घातली आणि म्हणाला, "पेट्रोल मिळतंय का बघतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघाले. सुआकिन मागे पडलं, रस्ता डोंगराला लागला, आणि थंडीतलं धुकं समुद्राकडून त्यांच्या मागोमाग वर चढू लागलं. घाटाच्या तोंडाशी चौकीवर एका शिपायाने गाडी थांबवली. नदीकाठचा कुठला तरी पोरगा होता, इकडची थंडी त्याला सोसत नसावी. कानाला फडकं बांधलं होतं.

"पेटीत काय आहे? उघडा."

हुम्मदने पेटी उघडली. शिपाई बासनकोबकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला आणि त्याने ओठांचा चंबू करून शिट्टी घातली. उतरणीची धून. अगदी बिनचूक, जशी रेडिओवर वाजते तशी.

"हे वाजवणारे तुम्हीच ना? आमच्या छावणीत सगळ्यांना येतं हे."

अबू आमना खूश झाला, शिपायाला सिगारेट देऊ लागला. हुम्मदने पेटी बंद केली आणि वळणं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

मामांची वस्ती म्हणजे चटयांची चार घरं, बाभळी, आणि दगडांवर पसरलेल्या बकऱ्या. गाडीचा आवाज ऐकून मामा बाहेर आले होते. वाळले होते फार, पण पांढऱ्या केसांचं रान तसंच होतं आणि त्यात लाकडी फणी तशीच खोचलेली होती. हातात हात धरून दोघांचं बराच वेळ चाललं. बरे आहात? बरे. घरचे बरे? बरे. जनावरं बरी? बरी. पुन्हा, तुम्ही बरे? बरे. मध्ये कोणी घाई करायची नसते. हुम्मदची बोटं मामांच्या बोटांत होती, आणि त्या खरखरीत टोकांना हात लागताच त्याच्या मनात आलं, आहे, अजून आहे.

मग मामा अबू आमनाकडे वळले.

"आणि हे कोण? केस कुठे विसरून आलास, बाळ?"

"बंदराच्या पाण्याने गेले, मामा."

"आपल्या माणसाला टक्कल! काय काय बघायचं राहिलंय कोणास ठाऊक."

सावलीत चटई अंथरली गेली. अबू आमना परका पुरुष, म्हणून मामी मधल्या चटईच्या पलीकडेच राहिली; तिचा आवाज मात्र अलीकडे यायला कोणाची परवानगी मागत नव्हता. कॉफीच्या बिया भाजल्याचा धूर आला, मग लाकडी खलात मुसळी पडू लागली.

"हुम्मद, बारीक झालास रे. बायको जेवायला घालत नाही की तू घरी जात नाहीस?"

"दोन्ही, मामी."

"बातमी सांग," मामा म्हणाले.

हुम्मदने सांगितली. आमच्याकडे पाहुण्याने बातमी राखून ठेवायची नसते, आणि गोड करूनही सांगायची नसते. लढाई कुठवर आलीय, शहर कसं बाहेरच्या माणसांनी भरलंय, पाण्याचे टँकर किती दिवसांनी येतात, कोण गेलं, कोण बेपत्ता आहे. मामा हातातल्या काठीने वाळूत रेघा ओढत ऐकत होते.

"सगळं वाईटच आणलंस," शेवटी ते म्हणाले.

"लग्नं होतायत, मामा."

"होणारच. माणसाला दुसरं काय सुचतं?"

पहिला पेला झाला, आल्याचा झणका नाकात गेला. तिसरा पेला होईपर्यंत कामाचं काढायचं नसतं, म्हणून हुम्मद इकडेतिकडे बघत बसला. तेव्हा त्याला तो दिसला. घराच्या मधल्या खांबाला दोरीने टांगलेला, मेमरी कार्ड घालायचा लाल रेडिओ. बाजूला त्याला वीज पुरवणारी, उन्हावर चालणारी छोटी पट्टी.

"त्या डब्याकडे बघतोयस ना?" मामी पलीकडून म्हणाली. तिला कसं दिसलं देव जाणे. "तुझा मामा वेडा झालाय. पहाटे डोळे उघडल्यापासून तुझं गाणं. बकऱ्यांनाही पाठ झालंय."

"पाठ झालं तर बिघडलं कुठे?" मामा म्हणाले. "भाचा आहे माझा."

"बिघडलं असं कोण म्हणतंय? मी आपली सांगतेय. पन्नास वर्षं चटईच्या या बाजूने ऐकतेय मी, आधी मामंजींचं, मग तुमचं. मला वाजवता येत नाही की गाता येत नाही. पण कान आहेत."

"तू कॉफी कूट," मामा म्हणाले, आणि मुसळी पुन्हा सुरू झाली.

हुम्मदला बरं वाटलं आणि लाजही वाटली. आपलं गाणं या चटयांपर्यंत आपल्या आधीच येऊन पोचलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसरा पेला झाला. तिसरा झाला. त्याने पेला उपडा ठेवला.

"मामा, एक काम होतं."

"तेच म्हटलं, एवढं पेट्रोल जाळून हा माझं तोंड बघायला आलेला नाही."

"तुमच्या हातची उतरणीची धून ऐकायची आहे."

मामा चक्क लाजले. काठी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "आता तुझ्यासमोर काय वाजवू मी? तुमची ती मशिनं, तो भोंगा..."

"सॅक्सोफोन," अबू आमना म्हणाला.

"तेच ते. त्यापुढे माझा टिणटिणाट."

पण ते उठले. आतून कातडी पिशवी आणली आणि त्यातून आजोबांचं बासनकोब काढलं. वाडग्यावरचं कातडं हातांनी काळं पडलेलं, आडव्या काठीवर खुंट्या नाहीत, नुसती कापडाच्या चिंध्यांची कडी गुंडाळलेली. कडं फिरवलं की तार चढते, सोडलं की उतरते. हुम्मद शिकला तो याच बासनकोबवर. त्याने मांड्या आवळल्या, हात त्यांच्यामध्ये दाबून धरले. अबू आमनानेही फोन खिशात टाकला आणि ताठ बसला.

मामांनी सुरुवात केली. वयाने बोटं थोडी जड झाली होती, पण चाल तीच होती, डोंगरावरची, निवांत. पहिली तार, दुसरी. पहिली, पाचवी. हुम्मद वाट बघत होता. आणि मग तिसरी वाजली.

ती तिथेच होती. जिथे बंदरामागच्या गोदामात होती, शहरातल्या सगळ्यांकडे होती, चौकीवरच्या शिपायाच्या ओठांवर होती, बरोबर तिथेच.

आधी त्याला वाटलं, थंडीने चढली असेल. मग पुन्हा वाजली, आणि पुन्हा, आणि एकदाही कुरकुरली नाही. त्याने अबू आमनाकडे पाहिलं. अबू आमना मान खाली घालून चटईचा एक धागा उपसत होता.

मामांनी धून संपवली, पंज्याने तारा दाबून गप्प केल्या आणि मान वर केली. म्हातारा डोळ्यांनी हसत होता.

"ऐकलीस?"

"ऐकली, मामा."

"तिसरी ऐकलीस का? बरोबर लागलीय ना?"

हुम्मद काठीवरच्या चिंध्यांच्या कड्याकडे बघत राहिला.

"दोन हिवाळे लागले," मामा म्हणाले. आता त्यांना सांगायचंच होतं, कधीपासून कोणाला तरी सांगायचं होतं. "तुमचं गाणं पहिल्यांदा त्या डब्यात ऐकलं तेव्हा म्हटलं, पोरगा चुकला. मामीला विचार. म्हटलं, शहरात जाऊन कान हरवून बसला. मग रोज ऐकलं. मग शंका आली. एक दिवस हे डब्याशेजारी धरून छेडलं, तर काय, माझीच तार खाली! जन्मभर खाली रे! या वयात अशी लाज वाटली की आठ दिवस हात लावला नाही."

"मामा, पण आजोबांनी तर..."

"आजोबांना कोणी शिकवलं? उंटांनी आणि वाऱ्याने. त्यांनी दुसऱ्या कोणाची तार ऐकली तरी होती का? तू शिकलास. तुमच्यात पाच जण वेगवेगळी वाद्यं वाजवतात आणि कोणाचं कोणाला टोचत नाही. एकटा माणूस चुकेल, पाच जण मिळून एकाच जागी कसे चुकतील? मग बसलो. डब्याचं ऐकायचं, कडं फिरवायचं. सारखी खाली घसरायची मेली, जुनी खोड. आता नाही घसरत. आता झोपेतून उठवलंस तरी तिथेच लावीन."

पलीकडे मामी कुटत होती. एका लयीत, न थांबता.

"जुन्यासारखी लावून दाखवता का?" हुम्मद म्हणाला. आवाज सहज ठेवायला त्याला फार जोर लागला. "एकदाच."

"कशाला?"

"असंच. लहानपणी ऐकली होती. ऐकावीशी वाटली."

"चूक पुन्हा ऐकायला एवढा घाट चढून आलास?" मामा हसले. पण बहिणीच्या मुलाने मागितल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांनी कडं सोडलं, तार उतरली. छेडली. "ही फार खाली गेली." थोडी चढवली. छेडली. मान वाकडी करून ऐकलं. "ही... नाही. ही नव्हे." पुन्हा उतरवली, पुन्हा चढवली. दर वेळी तार वर वर सरकत त्याच एका जागी जाऊन बसे, आणि मामा "अरे!" म्हणून तिला पुन्हा खाली ओढत. चौथ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला. पाचव्या वेळी त्यांनी कडं सोडून दिलं आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"बसत नाही," ते म्हणाले. "गंमतच आहे. सत्तर वर्षं तिथे होती."

एक बकरी येऊन पिशवी हुंगून गेली. मामांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतलं गेलं होतं.

"हुम्मद, तू हे कशासाठी विचारलंस?"

"सहज, मामा."

"सहज नव्हे. तुझ्या आईसारखाच आहेस, खोटं बोललास की कान लाल होतात. खरं सांग. ती चुकीचीच होती ना?"

"मामा, खरं म्हणजे..." अबू आमना बोलू लागला. हुम्मदने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

त्याच्यासमोर एक म्हातारा बसला होता. त्याने दोन हिवाळे डब्याला कान लावून, स्वतःच्या हाताने, वडिलांची तार पुसून टाकली होती, आणि तेही भाच्यावरच्या मायेने. त्याला आता उत्तर हवं होतं. हुम्मदला त्या क्षणी स्वतःचा एवढा राग आला की ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

"चुकीचीच होती, मामा," तो म्हणाला. "तुम्ही नीट केलीत."

मामांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले, डोळ्यांत पुन्हा ते हसू आलं, आणि त्यांनी चटईपलीकडे हाक मारली, "ऐकलंस का गं? उस्ताद काय म्हणतो ते? उगाच नाक मुरडत होतीस दोन वर्षं!"

मुसळीचा आवाज चालूच होता. चौथ्या पेल्याचं आलं असावं.

"हे घे, आता मी सगळी बिघडवून ठेवली," मामांनी बासनकोब हुम्मदच्या मांडीवर दिलं. "तूच लाव तुझ्या हाताने. तुझ्या हातची लागली की मग मी मरेपर्यंत हलवणार नाही. ते यंत्र आणलंयस का रे? दिवा लागतो म्हणे, बरोबर झाली की."

अबू आमनाने हुम्मदकडे पाहिलं. हुम्मदने मान हलवली. अबू आमनाने फोन काढला, त्यातलं सूर जुळवायचं यंत्र सुरू करून चटईवर ठेवला आणि तोंड फिरवून दगडांकडे बघत बसला. मामा मात्र फोनवर वाकले, एखादं नवं करडू बघावं तसे.

तार अगदी खाली, ढिली पडली होती. हुम्मदने अंगठा कड्यावर ठेवला. चिंध्यांना आजोबांच्या, मामांच्या आणि त्याच्याही हाताचं तेल लागलेलं होतं. कडं घट्ट होतं, करकरत फिरत होतं. तो दुसऱ्या हाताने तार छेडत राहिला आणि कडं फिरवत राहिला. तार कण्हत वर चढू लागली. फोनवर लाल दिवा होता. पलीकडे ठक, ठक. आणखी थोडं. ठक, ठक. लाल. त्याला आता फक्त हे संपवायचं होतं, संपवून गाडीत बसायचं होतं. आणखी थोडं. ठक.

मुसळी थांबली.

त्याच्या ते लक्षात येईपर्यंत अंगठा पुढे गेला होता, आणि फोनवर हिरवा दिवा लागला होता.

"लागला! लागला बघ!" मामा टाळी वाजवून म्हणाले.

हुम्मदने चटईकडे पाहिलं. विणीच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता, आणि त्यात मामीचा हात. मुसळी वर उचललेली होती, तशीच. ती खाली येत नव्हती. तो हात जुनी जागा आली असं सांगत होता की नुसता दमला होता, हे कळायला त्याला एकदाच, एकदाच तार खाली आणून पुन्हा हळूहळू वर न्यायला हवी होती. त्याचा अंगठा कड्यावर परत गेला.

मामांचा खरखरीत पंजा त्यावर आला आणि घट्ट बसला.

"आता हात लावू नकोस," मामा म्हणाले, आणि त्यांनी बासनकोब त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं. "झाली ती."